आधी कुलूप लाव, मग निवांत झोप

बाबू, आपली माहिती कोणाच्याही हाती लागेल ही तुझी धास्ती खोटी नाही. कापूस विक्रीच्या नोंदणीपासून रेशनच्या अंगठ्यापर्यंत आपलं सगळं कुठं ना कुठं जमा होतं. चौकातही आता कॅमेरा आला. पण त्या विचारानं रात्रभर काहून जागत बसतो?

हाती आहे तेवढं एकदा नीट कर. पहिलं काम आधारचं. त्याच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे, ते लावून टाक. मग कोणी तुझा ठसा उचलला तरी त्यावर आधारवाला व्यवहार होत नाही. रेशन घेताना तात्पुरतं उघडावं लागतं. कटकट आहे, पण मला परवडते. लॉजवर झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार दे, त्यावर शेवटचे ४ अंकच दिसतात. कर्जाचं ॲप नंबरांची यादी आणि फोटो मागत असेल तर सरळ काढून टाक. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच त्याला मनाई केली आहे.

बाकी, गावात खासगीपण होतं तरी कधी? कोणाकडे काय शिजलं ते पारावर आधी कळायचं. फक्त पारावरच्या माणसाला उलट विचारता यायचं, यंत्राला येत नाही. तरी २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. म्हणून "माहिती कशाला हवी?" हे विचारायला लाजू नको.

आणि शेतात डवरणीला जाताना फोन घरीच ठेव. आईला सांगून जा म्हणजे झालं.