अर्जाला वर्कलोडचा कागद जोडा

प्रश्न : चिपळूण तालुक्यातल्या एका सीनियर कॉलेजच्या स्वयंअर्थसहाय्यित बीएस्सी आयटी विभागात मी ९ वर्षं शिकवते. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झाली आहे, विद्यापीठाची शिक्षक म्हणून मान्यताही आहे. आमचे विभागप्रमुख मेअखेर कॉलेज सोडताहेत आणि संस्थेने आतल्या आत अर्ज मागवलेत. मुदत १५ दिवसांची. माझ्याहून ३ वर्षांनी ज्येष्ठ असलेले एक सरही अर्ज करणार आहेत. अर्जात काय लिहू? आणि प्रमोशन झालं की पगार वाढेल ना?

उत्तर : नमस्कार मॅडम. पगाराचं आधी बोलू, कारण गल्लत तिथेच होते. विभागप्रमुखपद ही जबाबदारी आहे, त्याने वेतनश्रेणी बदलत नाही. श्रेणी वाढते ती यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतल्या ‘कॅस’खाली (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे शिक्षकांच्या बढतीची योजना), पहिला टप्पा पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, नुसत्या नेट-सेटवर ६ वर्षांनी. तुमचा विभाग स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे व्यवहारात पगार संस्थेच्या हातात. तेव्हा भत्ता किती, शिकवण्याचे तास किती कमी होणार, मुदत किती वर्षांची, हे मुलाखतीच्या शेवटी विचारा आणि नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या. ‘बघू पुढे’ या उत्तरावर विसंबू नका.

आता अर्ज. दोन पानं पुरेत. ‘मी प्रामाणिक व कष्टाळू आहे’ हे सगळेच लिहितात. त्याऐवजी विभाग चालवता येतो हे दाखवणारा एक कागद जोडा : पुढच्या सत्राचा वर्कलोड, म्हणजे आठवड्याला शिकवायचे तास किती आणि त्याला शिक्षक किती लागतील याचा हिशेब. नव्या विभागप्रमुखांची पहिली फजिती इथेच होते. थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. समजा, दुसऱ्या वर्षाला थिअरीची १२ आणि प्रॅक्टिकलची ६ क्रेडिट्स तुमच्याकडे आहेत. १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला थिअरी १२ तास, प्रॅक्टिकलही १२ तास. बेरीज २४, असं धरून लोक मोकळे होतात. पण ६० मुलांच्या २०-२०च्या तीन बॅच असतील तर तेच प्रॅक्टिकल शिक्षकाच्या बाजूने ३६ तासांचं होतं. एकूण ४८. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास धरले तर तीन माणसं लागतात, दीड नव्हे. उरलेला दीड माणूस मग ऐन जुलैत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शोधायचा, आणि आयटीला तेव्हा तालुक्याच्या गावी कोण मिळणार? तुमच्या विभागाचे खरे आकडे घालून तिन्ही वर्षांचं हे गणित मांडा.

त्याच कागदावर टाइमटेबलबद्दल चार ओळी लिहा. खेड्यांतून येणारी मुलं एसटीवर अवलंबून असतात. शेवटची सोयीची गाडी चुकणार असेल तर दुपारच्या बॅचची हजेरी गळते आणि डिफॉल्टर यादी (हजेरी कमी भरलेल्यांची) फुगते. म्हणून लांबच्या मुलांची बॅच सकाळी घ्या. गणपतीच्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा लावू नका. सुट्टी कागदावर पाच दिवसांची असली तरी वर्ग दहा दिवस भरत नाही. लॅब तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधी सर्व्हर, यूपीएस आणि डेडस्टॉक रजिस्टर (विभागाच्या टिकाऊ सामानाची नोंदवही) वरच्या मजल्यावर हलवायची तजवीजही लिहा. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर चिपळुणात कुणी तिला बारीकसारीक म्हणणार नाही.

संस्थाचालकांचा जीव मात्र प्रवेशांत असतो. गेल्या पाच वर्षांचे प्रवेश, मधेच गळलेली मुलं आणि तिसऱ्या वर्षाचा निकाल एका तक्त्यात द्या. आकडे घसरत असतील तर लपवू नका, ते ऑफिसात असतातच. आसपासच्या कोणत्या ज्युनियर कॉलेजांतून मुलं येतात आणि बारावीच्या निकालाआधी तिथे कोण जाणार, हे नावनिशी लिहा.

अर्ज संस्थेच्या सचिवांच्या नावे, पण ‘द्वारा प्राचार्य’ असा द्या. सोबत मान्यतापत्र, सेटचं प्रमाणपत्र आणि रिफ्रेशर कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका.

सरांबद्दल अर्जात एक शब्दही नको. अनुदानित विभागांत ही जबाबदारी बहुधा ज्येष्ठतेनेच जाते, त्यामुळे मुलाखतीत ‘ज्येष्ठ माणूस तुमचं ऐकेल का?’ हे येणारच. ‘आमचं छान जमतं’ हे उत्तर पोकळ वाटतं. पेपर सेटिंग, मॉडरेशन, प्रोजेक्ट यांपैकी कोणतं काम पूर्णपणे त्यांच्याकडे राहील आणि मतभेद झाला तर तो विभागाच्या बैठकीच्या इतिवृत्तात कसा नोंदवाल, ते सांगा. अर्ज देण्याआधी सरांना स्वतः जाऊन सांगा. स्टाफरूममधून कळलं तर निकाल काहीही लागो, पुढचं वर्ष जड जाईल.

निवड झाली तर आधीच्या विभागप्रमुखांकडून पदभार यादी करूनच घ्या : डेडस्टॉक, लॅबच्या किल्ल्या, पासवर्ड, भरायचे राहिलेले अंतर्गत गुण. रजिस्टरमधले संगणक स्वतः मोजा. मोडीत निघालेले पण निर्लेखन न झालेले (नोंदवहीतून रीतसर न काढलेले) संगणक कागदावर जिवंतच असतात, आणि सही केल्यावर ते तुमच्या नावावर येतात.