खडकाळ किनाऱ्यावर कोण कोणाला खातं?

प्रश्न: कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ओहोटीरेषेपर्यंत अन्नजाळं कसं बदलतं? विद्यार्थ्यांकडून ते कसं मोजून घ्यावं?

उत्तर: अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडा, उधाणाच्या ओहोटीला पाणी सर्वांत खाली जातं. तासभर आधी पोचा. वरून खाली दोरी ताणून तीन पट्टे पाडा आणि प्रत्येकात ५० सेंमीच्या पाच चौकटी टाका. संख्या सारखीच हवी. खाली जास्त चौकटी टाकल्या, की जाती जास्त सापडणारच आणि जाळं उगाच दाट दिसतं. ही चूक फार होते.

वरच्या पट्ट्यात ऊन सोसणारे बारीक शंख आणि बार्नॅकल (खडकाला घट्ट चिकटून राहणारे कवचाचे बारीक जीव), बस्स. खाली शेवाळ, कालवं, खेकडे, शिकारी शंख. पाण्याबाहेर शिकारी शंखांना फार वेळ निभावत नाही, म्हणून वरचे बार्नॅकल बरेचसे वाचतात.

जाळ्यातले दुवे, म्हणजे कोण कोणाला खातं, अंदाजाने लिहू नयेत. रिकाम्या शिंपल्याला नेटकं गोल भोक असेल, तर शिकारी शंखाने पोखरल्याचा तो चांगला पुरावा. मग जाळं किती दाट आहे ते काढायला प्रत्येक पट्ट्यातल्या दुव्यांच्या संख्येला जातिसंख्येच्या वर्गाने भागा: १० जाती, २० दुवे, म्हणजे २० ÷ १०० = ०.२०.

उलटलेला दगड मात्र पुन्हा होता तसाच ठेवा. त्याखालचे जीव उन्हात मरतात.