लॅराव्हलमध्ये एकच ऑर्डर दोन पानांवर का दिसते?

लॅराव्हलमध्ये (पीएचपीत वेब ॲप बनवायची चौकट) बनवलेल्या तुमच्या ऑर्डर्सच्या यादीबद्दल तुम्ही विचारलंय. तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. पहिल्या पानावरची ऑर्डर दुसऱ्या पानावर पुन्हा का येते, पान बदललं की फिल्टर का उडतो आणि शेवटची पानं उघडायला इतका वेळ का लागतो.

फिल्टरचं काम एका ओळीचं आहे. पानांच्या लिंक बनवताना लॅराव्हल यूआरएलमधले बाकीचे पॅरामीटर, म्हणजे तुमचा फिल्टरही, आपणहून पुढे नेत नाही. यादीची पानं पाडणाऱ्या 'पेजिनेट'च्या पुढे 'विथक्वेरीस्ट्रिंग' जोडा, सुटला प्रश्न.

पुन्हा दिसणाऱ्या ऑर्डरचं मूळ तुमच्या सॉर्टिंगमध्ये आहे. तुम्ही फक्त 'क्रिएटेड_ॲट'वर (ओळ नोंदल्याची वेळ) उतरता क्रम लावलाय आणि ऑर्डर्स एकगठ्ठा इम्पोर्ट केल्यात, म्हणजे कित्येकींची वेळ सेकंदापर्यंत सारखी. अशा ओळींचा आपसातला क्रम काय असावा याची हमी डेटाबेस देत नाही, आणि प्रत्येक पानासाठी क्वेरी नव्याने चालते. समजा पानावर 20 ऑर्डर्स आहेत आणि 18 ते 24 या जागांवरच्या सातही ऑर्डर्सची वेळ एकच आहे. एखादी ऑर्डर पहिल्या क्वेरीत 20व्या जागी आली आणि दुसऱ्या क्वेरीत 21व्या, की ती दोन्ही पानांवर दिसणार. तिच्या बदल्यात दुसरी कुठली तरी एकाही पानावर दिसणार नाही. खरा घोळ हा, कारण न दिसलेल्या ऑर्डरची तक्रार कुणी करत नाही! 'क्रिएटेड_ॲट'नंतर आणखी एक 'ऑर्डरबाय' लावून त्यात 'आयडी' (प्रत्येक ऑर्डरचा वेगळा क्रमांक) द्या, तोही उतरत्या क्रमाने. क्रम पक्का होईल.

आता वेग. 'पेजिनेट' दोन क्वेऱ्या चालवतं: एक एकूण मोजणीची, दुसरी लिमिट-ऑफसेटची (ऑफसेट म्हणजे सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या, लिमिट म्हणजे त्यापुढच्या किती द्यायच्या). ऑफसेट 1,00,000 आणि लिमिट 20 असेल तर डेटाबेस त्या लाखभर ओळींवरून थेट उडी मारत नाही. त्या ओलांडत जातो, टाकून देतो आणि मग तुमच्या 20 देतो. इंडेक्समुळे (कॉलमची आधीच क्रमाने लावून ठेवलेली सूची) सॉर्टिंग वाचतं, ही पायपीट वाचत नाही. मोजणीही फुकट नसते. पोस्टग्रेस डेटाबेस काय किंवा मायएसक्यूएलचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन काय, टेबलमधल्या ओळींचा नेमका आकडा तयार ठेवत नाही.

'सिंपलपेजिनेट' वापरा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्याने मोजणी टळते (ते 20च्या जागी 21 ओळी मागवून पुढचं पान आहे का ते बघतं), पण ऑफसेट तसाच राहतो. शेवटची पानं संथच.

ऑफसेट टाळायचा असेल तर 'कर्सरपेजिनेट' आहे, लॅराव्हल 8पासून. ते शेवटच्या दिसलेल्या ओळीची वेळ आणि आयडी लक्षात ठेवतं आणि पुढच्या क्वेरीत म्हणतं: ज्यांची वेळ याहून कमी, किंवा वेळ तीच पण आयडी कमी, अशा 20 दे. या दोन कॉलमवर मिळून एक इंडेक्स टाका, म्हणजे हजारावं पानही पहिल्याइतकंच झटपट येतं. कुणी यादी चाळत असताना वरून नव्या ऑर्डर्स आल्या तरी पानं सरकत नाहीत, हा वरचा फायदा. ऑफसेटमध्ये 'आयडी' लावूनही हे साधत नाही. मात्र पानांचे आकडे जातात, फक्त मागे-पुढे उरतं. आणि सॉर्टच्या कॉलममध्ये नल (रिकाम्या नोंदी) असतील तर हा मार्ग सोडा.

तुमची स्क्रीन ॲडमिन पॅनेलची आहे, म्हणून मी 'पेजिनेट'च ठेवेन आणि तारखेचा फिल्टर आधीच लावून देईन, डीफॉल्ट गेले 30 दिवस. पाच हजाराव्या पानावर जाणारा माणूस बहुधा जुनी एखादी ऑर्डरच शोधत असतो, त्याला सर्च द्या. मोबाइल ॲपच्या स्क्रोलिंग यादीला मात्र डोळे झाकून कर्सर.

एक्सपोर्टसाठीही तुम्ही पान-पान फिरताय असं दिसतंय. तिथे पेजिनेशन काढून 'चंकबायआयडी' वापरा, ते आयडीच्या क्रमाने ओळी तुकड्यातुकड्याने आणतं.