दुसऱ्यांचीच गाणी लावली तर डीजेचं काय?

प्रश्न : दादा, मी हिप-हॉपवाला. मित्र म्हणतो कोल्डकटचा मिक्स अल्बम ऐक, पण दुसऱ्यांचीच गाणी एकामागे एक लावलीत तर ह्यांचं त्यात काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अरे भरपूर आहे! कोल्डकट म्हणजे लंडनची डीजे जोडी, मॅट ब्लॅक आणि जोनाथन मोअर, त्यांचा हा अल्बम '७० मिनिट्स ऑफ मॅडनेस', साल १९९५. ह्यांनीच १९८७ मध्ये एरिक बी आणि रकीम ह्या अमेरिकन हिप-हॉप जोडीच्या 'पेड इन फुल' गाण्याचा रिमिक्स केला होता, 'सेव्हन मिनिट्स ऑफ मॅडनेस' नावाचा, रॅपच्या मधे इस्रायली गायिका ऑफ्रा हाझाचा आवाज टाकून, त्या सात मिनिटांची इथे सत्तर झाली. म्हणजे पाया हिप-हॉपचाच बघ, स्क्रॅच (रेकॉर्ड हाताने पुढेमागे घासणं), कट (एका गाण्यातून दुसऱ्यात झटकन उडी), कुठून कुठून उचललेले संवाद, पण त्यावर टेक्नो, जंगल (वेगवान, तुटक ड्रम्सचं नाचायचं संगीत), अँबिएंट (संथ, तरंगतं संगीत), अगदी 'डॉक्टर हू' ह्या ब्रिटिश टीव्ही मालिकेची टायटल ट्यूनसुद्धा. आता मिक्सिंगमधली एक गंमत सांगतो, हिप-हॉप मिनिटाला साधारण ८५ ठोके आणि जंगल १७०, म्हणजे बरोब्बर दुप्पट, त्यामुळे डीजे एकातून दुसऱ्यात जातो आणि तुझी मान हलायची थांबत नाही. हे जमवायला कान लागतो रे, मी तरी ह्याला रचनाच म्हणतो. फक्त शफल बंद ठेव आणि एका बैठकीत ऐक.