मुलांच्या खेळखोलीसाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न : नाशिकमध्ये आमचा तीन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा आहे. तिसरी खोली मुलांसाठी खेळखोली म्हणून सजवून घेण्याचा विचार असून इंटिरियर डेकोरेटरने ३,९०,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,५५,००० रुपये आहे. गृहकर्जाचा हप्ता ५२,०००, घरखर्च व शाळेची फी मिळून ५८,००० आणि मुलांच्या शिक्षणासाठी एसआयपी (म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणूक) २०,००० रुपये असा खर्च आहे. बँकेत ६ लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी, वैयक्तिक कर्ज घ्यावे की दोन वर्षे एसआयपी थांबवावी? महिनाअखेरपर्यंत निम्मी रक्कम दिल्यास डेकोरेटर सवलत देणार आहे.

उत्तर : आपण सोबत जोडलेले कोटेशन मी ओळीओळीने वाचले. त्याच्या तळाशी, सहीच्या वर, बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असे लिहिलेले आहे. १८ टक्के जीएसटी धरला, तर ७०,२०० रुपये वाढतात आणि खरा आकडा ४,६०,२०० रुपये होतो. म्हणून पुढचा सगळा हिशेब मी त्याच रकमेवर केला आहे. डेकोरेटरकडे जीएसटी नोंदणी क्रमांक आहे का, हेही विचारून घ्यावे, कारण नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला हा कर आकारता येत नाही.

आपण सुचवलेल्या तिन्ही वाटा मला पटत नाहीत. वैयक्तिक कर्ज १२ टक्के दराने तीन वर्षांसाठी मिळाले, असे धरले तरी महिन्याचा हप्ता सुमारे १५,२८५ रुपये बसतो आणि व्याजापोटीच ९०,००० रुपये जातात; प्रोसेसिंग फी निराळी. आपल्याकडे महिन्याअखेरीस उरणाऱ्या २५,००० रुपयांतून हा हप्ता निघेल, परंतु मग सणवार, प्रवास आणि आजारपण यांसाठी हातात जेमतेम दहा हजार राहतील. मुदत ठेवीचे म्हणाल, तर हप्ता आणि घरखर्च मिळून आपला महिना १,१०,००० रुपयांचा आहे, म्हणजे ६ लाख हे साधारण साडेपाच महिन्यांचे पाठबळ आहे. ठेव मोडल्यावर ते सव्वा महिन्यावर येईल, आणि मुदतपूर्व मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळेच. ठेवीवर कर्ज काढणे स्वस्त पडते हे खरे; पण तारण ठेवलेली ठेव कर्ज फेडल्याशिवाय ऐन अडचणीत हाती येत नाही, त्यामुळे प्रश्न तिथेच राहतो.

एसआयपी थांबवण्याचा पर्याय वरवर सर्वांत निरुपद्रवी वाटतो, कारण त्यात कुणाला व्याज द्यावे लागत नाही आणि बँकेत खेटेही घालावे लागत नाहीत. मुलगी बारा वर्षांनी कॉलेजात जाईल. या दोन वर्षांत न गुंतवलेले ४,८०,००० रुपये तोपर्यंत सरासरी अकरा वर्षे दरसाल १० टक्क्यांनी वाढले असते, तर त्यांचे साडेतेरा लाखांच्या आसपास झाले असते. परताव्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, तरी शिक्षणाच्या निधीतून नेमके काय वजा होते, हे या आकड्यावरून कळते.

आता मूळ खर्चाकडे वळू. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला घसरगुंडीऐवजी अभ्यासाचे टेबल आणि दाराला कडी हवी असेल. म्हणजे या सजावटीचे आयुष्य फार तर पाच वर्षे आणि खर्च वर्षाला ९२,००० रुपये. खोलीला जडवलेल्या अशा वस्तूंना फ्लॅट विकताना किंमत मिळत नाही. गिऱ्हाईक बहुधा त्या काढून टाकण्याचा खर्चच भावातून वळता करून मागते. म्हणून कोटेशनमधील प्रत्येक ओळीसमोर ती वस्तू किती वर्षे वापरात राहील, तो आकडा आपण दोघांनी बसून लिहावा, अशी माझी सूचना आहे.

तसे केले की ४८,००० रुपयांची जंगलाचे चित्र असलेली भिंत, २८,००० रुपयांची चढाईची भिंत आणि ६२,००० रुपयांचे फॉल्स सीलिंग आपोआप गळतात. १,१५,००० रुपयांच्या घसरगुंडीवाल्या बंक बेडला माझा विरोध केवळ पैशांपुरता नाही. सहा वर्षांखालील मुलाला वरच्या पातळीवर झोपवू नये, असा बालसुरक्षेचा सर्वमान्य संकेत आहे आणि आपला मुलगा तीनच वर्षांचा आहे. शिवाय खोलीची उंची साडेनऊ फूट. त्यातून फॉल्स सीलिंगने सहा-आठ इंच खाल्ले आणि पंखा आणखी खाली आला, तर वर उभ्या राहिलेल्या मुलाचा हात थेट पात्यांपर्यंत पोहोचेल. आराखड्यात पंखा दाखवलेलाच नाही.

मी १,२०,००० रुपयांचे अंदाजपत्रक सुचवतो. धुता येणारा रंग १४,००० रुपये, खिडकीचे ग्रिल ९,०००, फळ्या वर-खाली करता येतील असे भिंतीला पक्के ठोकलेले प्लायवूडचे कपाट ५५,०००, सामान ठेवण्याचा दिवाण ३०,००० आणि फोमच्या मॅट, बुटके रॅक, भिंतीच्या एका भागाला फळ्याचा काळा रंग मिळून १२,०००. दिवाण मी मुद्दाम धरला आहे. सासूबाई गुडघ्यांच्या उपचारासाठी वर्षातून तीन-चार महिने आपल्याकडे असतात, असे आपण लिहिले आहे. कोटेशनमध्ये मात्र त्यांच्या झोपण्याची सोय कुठेच दिसत नाही. रंग निवडताना डब्यावर शिशाचे प्रमाण पाहावे. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) अधिक नसावे, असा केंद्र सरकारचा २०१६ चा नियम आहे. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. स्वस्त मिळतात म्हणून चिन्हाविना खेळणी घेऊ नयेत.

आपल्या पतींना दिवाळीत सुमारे १,२०,००० रुपये बोनस मिळतो, असे आपण कळवले आहे. ग्रिल आणि रंग ही कामे या महिन्याच्या शिलकीतून करावीत, बाकी सुताराचे काम बोनस हातात आल्यावर काढावे, आणि बोनसमधून उरणारे वीस-पंचवीस हजार वाढीव खर्चासाठी राखावेत, कारण सुतारकाम ठरल्या आकड्यात क्वचितच पुरे होते. त्याआधी एक काम मात्र उरकून घ्यावे. आपल्या पतींना कंपनीच्या गटविम्याखेरीज आयुर्विमा नाही आणि गृहकर्जाची तेरा वर्षे बाकी आहेत. शिलकीवर पहिला हक्क टर्म विम्याचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या निव्वळ आयुर्विम्याचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे तो थोडा स्वस्तही झाला आहे.

महिनाअखेरच्या सवलतीसाठी घाई करू नये. निम्मी रक्कम आगाऊ दिली की काम रखडल्यास बोलायला आपल्या हाती काहीच राहत नाही. याच डेकोरेटरकडून काम करून घ्यायचे असेल, तर वरील यादीनुसार करासहित आणि प्लायवूडची प्रत नमूद केलेले नवे कोटेशन मागावे, आगाऊ म्हणून वीस टक्क्यांहून अधिक देऊ नये, पैसे बँकेतून द्यावेत आणि शेवटचे वीस टक्के कपाटाची दारे नीट लागतात का, हे पाहूनच चुकते करावेत. यास त्यांची तयारी नसेल, तर एवढे काम परिसरातील एखादा चांगला सुतारही करून देईल.