जॉन्जूच्या घरी राहायला जाण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

दक्षिण कोरियातल्या जॉन्जूमध्ये एका कुटुंबात तुझी राहण्याची सोय झाल्याचे तुझे पत्र मिळाले. तिथे काय काय खावे आणि पाहावे, याची यादी तू मागितली आहेस. यादी देणे अवघड नाही, कारण या गावाला युनेस्कोने 2012 मध्ये खाद्यसंस्कृतीचे नगर म्हणून मान्यता दिली आहे आणि तिथे जाणारा प्रत्येक जण बिबिम्बापची, म्हणजे भाज्या घालून कालवायच्या भाताची, छायाचित्रे घेऊनच परततो. मात्र यादी चार दिवसांच्या प्रवाशाला उपयोगी पडते. तू चार महिने एका घरात राहणार आहेस, म्हणून मी दुसरेच काही लिहिते आहे.

कुटुंबातल्या माणसांसाठी कोरियन भाषेत ‘शिक्कू’ असा शब्द आहे. तो ज्या दोन चिनी अक्षरांवरून आला, त्यांचा अर्थ ‘खाणे’ आणि ‘तोंड’. आपणही ‘घरात खाणारी तोंडे किती’ असे विचारतो. पण आपल्या बोलण्यात खर्चाची काळजी डोकावते आणि त्यांच्या बोलण्यात आपलेपणा. त्या घरातले एक तोंड तू पहिल्याच संध्याकाळी होशील, कारण वाढायला ती माणसे हात आखडता घेत नाहीत. दोन हात व्हायला मात्र वेळ लागतो आणि ते तुझे तुलाच पुढे करावे लागतील. मी तिथे राहिले तेव्हा पहिले दोन महिने पाहुणीसारखी वागले, याची मला अजून चुटपुट आहे.

माझी एक चूक सांगते, म्हणजे ती तू करणार नाहीस. मी गोमांस खात नाही, हे त्या घरी मी सांगितलेच नव्हते. आपण होऊन सांगणे मला उद्धटपणाचे वाटत होते, आणि समोर येईल ते निमूटपणे टाळता येईल असा माझा हिशेब होता. माझ्या वाढदिवशी सकाळी घरच्या आईंनी मियोक्कुक म्हणजे समुद्रशेवाळाचे सूप केले. बाळंतिणीला तिथे हेच सूप देतात आणि म्हणून वाढदिवसाला ते हवेच, कारण जन्म देणाऱ्या आईची आठवण त्यात असते. त्या सुपात गोमांसाचे तुकडे होते. मी नुसता भात खाल्ला, ‘पोट भरले’ म्हटले आणि उठले. शेवाळ खवट झाले होते का, असे त्यांनी दोनदा मुलीला विचारल्याचे मला दोन दिवसांनी कळले, तेव्हा कुठे मी खरे कारण सांगितले. त्या रागावल्या, माझ्या न खाण्यावर नव्हे, न सांगण्यावर. पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच सूप शिंपल्या घालून पुन्हा केले आणि मी दुसरी वाटी मागेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

तेव्हा पहिल्याच संध्याकाळी, जेवायला बसण्यापूर्वी, काय चालते आणि काय चालत नाही ते पूर्ण वाक्यांत सांग. गोमांस, डुकराचे मांस, मासे आणि अंडी यांची नावे वेगवेगळी घे, कारण ‘मी मांस खात नाही’ एवढ्याने काम भागत नाही. तिथल्या कित्येक रश्श्यांचा आधार म्योल्ची नावाच्या छोट्या सुक्या मासळीचे पाणी असतो आणि बहुतेक किमचीत, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या भाज्यांच्या तिखट लोणच्यात, खारवलेली कोळंबी किंवा माशांचा अर्क असतो. हे कुणी मांस म्हणून मोजत नाही. पूर्ण शाकाहारच पाळायचा असेल, तर मोड आलेले सोयाबीन, पालक, रानभाज्या यांना नुसते तिळाचे तेल व मीठ लावून केलेले नामुल तुला तारतील. ‘काहीही चालेल’ हे वाक्य मात्र घरीच ठेवून जा. आपल्याकडे ते सौजन्य असते. तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नसतो.

शिष्टाचाराच्या पुस्तकी गोष्टी तू वर्गात शिकली आहेस: वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्यावर आपण उचलावा, देताना-घेताना दोन्ही हात वापरावेत, भाताची वाटी हातात धरून खाऊ नये. चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, एवढे मात्र पक्के ध्यानात ठेव, कारण त्याने मृतासाठी मांडलेल्या पानाची आठवण होते. बाकी सगळे पाहून-पाहून येते आणि चुकलेले ती माणसे हसून सोडून देतात.

भाषेचे म्हणशील, तर मराठी मुलीला तिथे एक छुपी सोय आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, हे तुला वेगळे शिकावे लागले नाही. आईची बहीण इमो आणि वडिलांची बहीण गोमो, हा मावशी-आत्याचा भेदही तुला जन्मजात ठाऊक आहे. खाणावळीत वाढणाऱ्या बाईला ‘इमो’ अशी हाक ऐकलीस की ‘मावशी, पाणी द्या’ आठवेलच. वय विचारले तर चांभारचौकशी समजू नकोस. तुला कोणत्या आदरार्थाने बोलायचे, ते त्यांना ठरवायचे असते. आणि ‘जेवलीस का?’ हा प्रश्न तिथेही बहुतेक वेळा ‘कशी आहेस?’ याच अर्थाने येतो. (भाताला ‘बाप’ म्हणतात, यावर माझा प्रत्येक नवा वर्ग हसतो. तुझाही हसला होता.)

जॉन्जूच्या भोवती भाताचे सपाट खोरे आहे, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला डोंगर. त्यामुळे तांदूळ, मासळी आणि रानभाजी या तिन्ही गोष्टी तिथल्या ताटात एकत्र येतात. तो भात आपल्या इंद्रायणीसारखा चिकट असतो. तळाशी खरवड धरली की आई ती टाकत नाहीत. तीत पाणी घालून उकळतात आणि जेवणाच्या शेवटी ते पाणी सगळे पितात. एका सकाळी घरच्या कुणाबरोबर नाम्बू बाजारात जा आणि सोयाबीनच्या मोडांचा कोंगनामुल-गुकबाप खा. तिथल्या पद्धतीत भातावर गरम रस्सा पुन्हा पुन्हा ओतून, निथळून तो गरम करतात आणि अर्धवट शिजलेले अंडे वेगळ्या वाटीत देतात. त्या वाटीत दोन-तीन चमचे रस्सा घालून वर शेवाळाचा कागद चुरडायचा आणि ते आधी संपवायचे. मला विचारशील तर बिबिम्बापपेक्षा हाच त्या गावाचा खरा नाश्ता.

चुसॉक हा तिथला सुगीचा सण आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपदी पौर्णिमाच असते. 2025 मध्ये मात्र तो कोजागरीला आला. पूर्वजांसाठी पान मांडणाऱ्या घरात तू असशील, तर पितृपक्ष पाहिलेल्या मुलीला त्या सकाळची शांतता समजावून सांगावी लागणार नाही. आदल्या दिवशी सोंगप्यॉन, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या सारण भरलेल्या वाफवलेल्या करंज्या, वळायला बसतात. आपण मोदक वळणारी माणसे. तांदळाच्या उकडीची पारी पातळ ठेवायची सवय तिथे कामाला येईल.

किमजांगचे मात्र सविस्तर लिहिते. नोव्हेंबरच्या अखेरीस हिवाळ्यापुरती किमची एकदमच घालतात, आणि या सामूहिक प्रथेला युनेस्कोने 2013 मध्ये वारसा म्हणून नोंदवले. लेख वाचून तिचे काम कळत नाही. आदल्या संध्याकाळी कोबीचे लांबट गड्डे उभे चिरून मिठाच्या पाण्यात घालतात आणि रात्रीतून उठून कुणीतरी ते खालीवर करते. सकाळी जमिनीवर मोठे प्लास्टिक अंथरतात, सगळ्यांच्या हातांत कोपरापर्यंतचे रबरी मोजे येतात आणि मधोमध लाल मसाल्याचा ढीग पडतो: मिरचीची भरड, लसूण, आले, मुळ्याचा कीस, कांद्याची पात, खारवलेली कोळंबी, चिकट तांदळाची पेज. प्रत्येक पान उचलून देठाकडच्या जाड भागाला जास्त आणि टोकाला कमी मसाला लावायचा आणि शेवटी बाहेरच्या पानाने गड्डा बाळासारखा गुंडाळायचा. मी मसाला सगळीकडे सारखा लावत होते. आजींनी माझा गड्डा उलगडला, काही न बोलता देठाकडे मसाला सरकवला आणि परत माझ्याच हातात दिला. हाताच्या चवीला त्या भाषेत ‘सोन्मात’ म्हणतात, शब्दशः हात आणि चव. आपण ‘तिच्या हाताला चव आहे’ म्हणतो तेच. दुपारी आईंनी ताज्या पानात उकडलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा गुंडाळला आणि लाल मोज्यासकट माझ्या तोंडात घास भरवला. उन्हाळ्यात वाड्याच्या गच्चीवर कुरडया घालताना माझी आजी अशीच चिकाचा घास भरवायची. तिथून पुढे स्वयंपाकघरात जायला मी कुणाची परवानगी मागितली नाही.

किरकोळ दोन गोष्टी. तिथले घड्याळ साडेतीन तास पुढे असते, तेव्हा पुण्याहून रात्री दहाला येणारा फोन तिथे दीडला वाजतो. आईला आजच सांगून ठेव. आणि उष्टे-खरकटे वेगळे टाकायचे असले, तरी हाडे, अंड्यांची टरफले आणि कांद्याची साले सहसा त्यात जात नाहीत. जनावर खाऊ शकेल तेवढेच त्यात टाकायचे, असे मला शिकवले होते. पहिल्या दिवशी घरच्यांना विचारून खात्री करून घे.

सोबत एक प्लास्टिकचा डबा पाठवते आहे. निघताना आईंनी मला त्यात किमची दिली होती. झाकणाची आतली बाजू अजून लालसर आहे, कितीही घासली तरी जात नाही. त्यांच्या घराचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर आहे. तुझ्या घरापासून बसने वीस मिनिटे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही, म्हणून आत लोणावळ्याची तिळाची चिक्की घातली आहे. त्यांच्याकडेही तीळ पाकात थापून वड्या करतात, तेव्हा चव अनोळखी वाटणार नाही. दोन्ही हातांनी दे.

तुझ्या
बाई