आधी सीएपीएम, पीएमपी नंतर

अगं, क्लासवाल्याने पहिल्याच फोनवर पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं मोठं सर्टिफिकेशन, गळ्यात मारायला बघितलं म्हणालीस ना, तिथे पैसे भरू नकोस. पदवी असली तरी पीएमपीला प्रोजेक्ट सांभाळल्याचा 36 महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तुझी तर ही पहिलीच नोकरी. तुझ्यासाठी पीएमपी देणाऱ्या पीएमआय संस्थेचीच सीएपीएम ही नवख्यांची परीक्षा आहे. बारावी आणि 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं, अनुभव मागत नाहीत. पेपर तीन तासांचा, 150 प्रश्न. ते 23 तास ऑनलाइन कोर्स करूनही भरतात. कोर्सचं सर्टिफिकेट मात्र जपून ठेव.

पण नुसतं पाठांतर नको. लोअर परळला एका ऑफिसच्या इंटिरियरच्या कामावर मी नवीन होते. फॉल्स सीलिंगवाला मोकळा होता म्हणून त्याला आधी बोलावलं. सीलिंगच्या वरून जाणाऱ्या, आग विझवायच्या स्प्रिंकलरच्या पाइपची प्रेशर टेस्ट राहिलीच होती. टेस्टला जॉइंट गळला आणि कोरं करकरीत सीलिंग दोन जागी फोडावं लागलं. कुठलं काम कशावर अडलंय, हे तेव्हा डोक्यात शिरलं. कोर्समध्ये त्याला डिपेन्डन्सी म्हणतात. क्रिटिकल पाथचा, म्हणजे एकमेकांवर अडलेल्या कामांच्या सगळ्यात लांब साखळीचा, अख्खा हिशोब त्यावरच उभा आहे.

म्हणून सोसायटीच्या गणपतीचं काम यंदा तू अंगावर घे. मंडपाची परवानगी, वर्गणी, डेकोरेशन, विसर्जनाचा ट्रक, सगळं एक्सेलमध्ये मांड. प्रत्येक कामापुढे तारीख आणि एकाच माणसाचं नाव. चतुर्थी काही पुढे ढकलता येत नाही, तेव्हा तिथून उलटं मोजत ये. शीट झाली की व्हॉट्सॲप कर, रविवारी बसून बघू.